जिंकलेला डाव कसा हरतो? – नाना फडणवीस

विद्यार्थिमित्रहो, मधल्या सुट्टीत बुद्धिबळाचा पट मांडणारी मुले कधी कधी आमच्याकडे एक कोडे घेऊन येतात. वजिरावजिरी झालेली, आपला एक घोडा अधिक. मग मात आपल्यावरच कशी झाली? १८९२ साली हवाना येथे जगज्जेतेपदाच्या सामन्यात रशियाचा चिगोरिन असाच हरला. राजापुढील प्याद्याला ज्या उंटाचा जोर होता, तोच उंट त्याने हलविला, आणि स्टाइनिट्झच्या दोन हत्तींनी दोन चालींत मात केली.

आपल्या इतिहासातही असा एक डाव झाला. आपण राहतो त्या सिकंदराबादचा जन्मही त्याच डावाच्या अखेरीशी निगडित आहे.

बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. १७६१ साली पानिपतच्या संहारातून ते कसेबसे बचावले. मातोश्री मात त्या धामधुमीत कायमच्या दुरावल्या. सावधपणा हा पुढे त्यांचा स्वभावच बनला. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर बारभाईंच्या साहाय्याने त्यांनी तान्ह्या सवाई माधवरावांची गादी राखली, व १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत इंग्रजांना थोपवून धरले.

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यास पेशवे, शिंदे, होळकर व भोसले यांच्या फौजांनी हैदराबादच्या निजाम अलीस नमविले. दौलताबादचा किल्ला, विस्तीर्ण मुलूख व कोट्यवधींची खंडणी देणे त्यास भाग पडले. इंग्रज तटस्थ राहिले होते. पटावर पाहता विजय पुरा होता.

परंतु त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला, शनिवारवाड्यात उंचावरून पडल्यामुळे, एकवीस वर्षांचे सवाई माधवराव निवर्तले. पोटी संतान नव्हते. हा केवळ दैवाचा घाला होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. नानांनी धन्यास डोळ्यांत तेल घालून जपले. पण कारभाराची सूत्रे स्वतःच्याच हाती ठेवली, आणि गादीचे उरलेले वारस, म्हणजे राघोबादादांचे पुत्र, नजरकैदेत ठेवले. सारे मोहरे एका राजासाठी उभे होते, आणि त्या राजामागे दुसरा जोर नव्हता.

मग वारसाचा कलह पेटला. १७९६ साली नानांना पुणे सोडून महाडास जावे लागले. निजामाचे साहाय्य मिळावे म्हणून खर्ड्यास मिळविलेले बहुतेक सारे परत देण्याचे त्यांनी कबूल केले. अखेर दुसरे बाजीराव पेशवे झाले. १७९७ च्या शेवटच्या दिवशी शिंद्यांनी नानांना कैद केले. पुढे सुटका झाली, पण पूर्वीचा दरारा परतला नाही. इकडे निजामाने १ सप्टेंबर १७९८ रोजी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. हुसेनसागराच्या उत्तरेस त्या फौजेची छावणी वसली, आणि १८०६ साली निजाम सिकंदर जाह यांच्या नावावरून तिला सिकंदराबाद हे नाव मिळाले.

१३ मार्च १८०० रोजी पुण्यात नानांचा अंत झाला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस बाजीरावांनीही तैनाती फौज मान्य केली.

पंचवीस वर्षे एकट्याच्या बुद्धीवर राज्य तोलून धरणाऱ्या या पुरुषाची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. मात्र जे एकट्याच्याच आधारावर उभे असते, ते त्याच्याबरोबर ढासळते. म्हणून मित्रहो, आपले मोहरे अधिक दिसू लागले, की ते मोजण्याआधी आपला राजा कोणाच्या जोरावर उभा आहे, ते पाहून घ्या.