चाळीस पानांचा प्रबंध आणि पेशींतील ऊर्जेचा शोध : डॉ. कमला सोहोनी

प्रतिनिधी, नागपूर

प्रयोगशाळेचे दार स्त्रियांसाठी जेमतेम किलकिले होते, त्या काळात ते सत्याग्रहाने उघडायला लावणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत कुटुंबात झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी.

मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन केल्यावर १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. अखेर प्रवेश मिळाला, तोही वर्षभराच्या अजमावणीवर. त्यांनी तेथे दूध व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांच्या कामाने रामन यांचे मत पालटले आणि इतर विद्यार्थिनींनाही वाट मोकळी झाली.

पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर संशोधन करताना, सायटोक्रोम-सी हे श्वसनप्रक्रियेतील प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी दाखवून दिले. अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

या प्रथिनाचे महत्त्व मानवी शरीरातही तितकेच आहे. सायटोक्रोम-सी ज्या साखळीचा दुवा आहे, तिच्यातून एटीपी हा ऊर्जावाहक रेणू तयार होतो. रोगजंतूची चाहूल लागताच रक्तातील बी-पेशींमधील विकरे, म्हणजेच एन्झाइम, या एटीपीतील फॉस्फेट घेऊन ते पुढच्या विकरावर बसवतात. त्यामुळे ते विकर कार्यान्वित होते, संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो आणि प्रतिपिंडांच्या निर्मितीला चालना मिळते. यांपैकी बीटीके हे विकर जन्मतः सदोष असल्यास बालकाच्या शरीरात प्रतिपिंडे जवळजवळ तयारच होत नाहीत आणि त्याला वारंवार जंतुसंसर्ग होतो.

मायदेशी परतल्यावर कमलाबाईंनी दिल्ली व कुन्नूर येथे काम केले. १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईत आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत रुजू झाल्या. नीरेच्या पोषणमूल्यांवरील संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना उशिरानेच मिळाले. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत रमल्या. १९९८ साली नवी दिल्लीत, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आयोजित केलेल्या सत्कार समारंभात त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. ज्या विज्ञानविश्वाने त्यांना प्रथम दारातच अडवले होते, त्याच विश्वाने केलेला तो अखेरचा गौरव ठरला.