माहेरी टँकर, सासरी होडी

११ एप्रिलला जोतीरावांची जयंती. बचत गटांचं काम करते म्हणून त्या दिवशी कुठे ना कुठे मला बोलायला बोलावतात. काही वर्षांपूर्वी असंच माहेरच्या गावाहून बोलावणं आलं. माहेर माझं सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं. समोर चाळीसेक बायका बसलेल्या, फोटोला हार घातलेला. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. १८४८ साल, पुण्यातला भिडे वाडा, मुलींची शाळा, सावित्रीबाईंच्या अंगावर फेकलेलं शेण. एवढ्यात वेशीवरून टँकरचा हॉर्न ऐकू आला आणि दोन मिनिटांत मंडप रिकामा झाला! उरले फोटोतले जोतीराव, मी आणि गुडघे धरून बसलेल्या तीन म्हाताऱ्या.

खरं सांगते, आधी मला राग आला. मग माझाच मला आला. घरी घागर रिकामी असताना कोण कशाला माझं भाषण ऐकेल? घरी परतल्यावर कपाटातून ‘शेतकऱ्याचा असूड’ काढला. बी.ए.ला असताना परीक्षेपुरता वाचलेला. या वेळी सगळा वाचला आणि लक्षात आलं, की त्या दिवशी टँकर आला तेव्हा मी अगदी भलतंच बोलत होते. पाण्याबद्दल, दुष्काळाबद्दल, माती वाहून जाण्याबद्दल जोतीराव केवढं बोलून ठेवलेत! आपण मात्र त्यांना शाळेच्या फळ्यापुरतं ठेवलं.

मैत्रिणींनो, जोतीराव तसे आमच्याच भागातले. त्यांचं मूळ गाव कटगुण, तालुका खटाव. घराण्याचं आडनाव गोऱ्हे, पणजोबांकडे गावचं चौगुलेपण. गावच्या कुलकर्ण्याशी वितुष्ट आलं आणि पणजोबांनी गाव सोडलं. पुरंदरातलं खानवडी आणि मग पुणे, असा त्या घराचा प्रवास झाला. पुण्यात त्यांनी पेशव्यांना फुलं पुरवायचं काम केलं आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. सावित्रीबाईंचं माहेरही सातारा जिल्ह्यातलंच, खंडाळा तालुक्यातलं नायगाव. म्हणजे मुळं दोघांचीही आपल्या मातीतली.

१८२७ साली जोतीरावांचा जन्म झाला. वर्षाच्या आतच आई, चिमणाबाई गेल्या. सगुणाबाईंनी त्यांना सांभाळलं. १८४० मध्ये लग्न झालं तेव्हा ते तेरा वर्षांचे होते आणि सावित्री नऊ वर्षांच्या. पुढची हकीकत तुम्हाला पाठ आहे. स्कॉटिश मिशनची शाळा, मुलींसाठी शाळा, त्यापायी वडिलांचं घर सोडावं लागणं. १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी काढलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह. तिथेच जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत.

पण एक गोष्ट मी मुद्दाम इथे थांबून सांगते. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. उन्हाळ्यात रांगेत उभं राहिलेल्या बाईला यात किती मोठी गोष्ट आहे ते सांगावं लागत नाही. पाणी कुठून आणायचं याच्याही आधीचा प्रश्न असतो, ते कुणाला मिळणार?

मग १८७६ साल उजाडलं. पाऊस गेला. पुढची दोन वर्षं दख्खनवर जो दुष्काळ पडला, त्यात सोलापूर, सातारा, विजापूर, नगर, पुणे, सगळीकडे हाहाकार माजला. मद्रास, म्हैसूरसकट देशात लाखो माणसं गेली. आज शास्त्रज्ञ सांगतात, की त्या वेळी प्रशांत महासागराचं पाणी भलतंच तापलं होतं, ज्याला आपण बातम्यांत एल निनो म्हणतो ते. पाऊस समुद्रामुळे गेला हे खरं. पण माणसं मेली ती काही एकट्या समुद्रामुळे नाही. त्याही काळात धान्य परदेशी जात होतं. सरकारचा सारा आणि सावकाराचं व्याज यांतून शेतकऱ्याच्या घरात साठवण उरलीच नव्हती. पहिल्याच फटक्याला घर कोसळलं.

जोतीरावांनी आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम काढला, तिथे मुलांना जेवण मिळे. सावित्रीबाई १८७७ मध्ये जुन्नरकडे ओतूरला होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. माणसं गाव सोडून चालली आहेत, जनावरं पटापट पडताहेत आणि सावकार मात्र अडलेल्यांना नाडताहेत, असं सगळं त्यात आहे. एका बाईने डोळ्यांनी बघून लिहिलेला तो दुष्काळाचा अहवालच आहे म्हणा ना!

त्याच सुमारास जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागताला हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटेच. स्वागतापेक्षा शिक्षणावर पैसा घाला, हे त्यांचं म्हणणं. आपल्याकडे आजही पाहुणे यायचे म्हटलं की रस्त्यावर पाणी मारतात. मागच्या गल्लीत प्यायला नसलं तरी.

जोतीराव नुसते बोलणारे नव्हते, ते व्यवसायाने कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला. मांजरीकडे त्यांची शेती होती. त्यामुळे धरण कसं बांधतात, पाटाचं पाणी कुणाच्या शेतात आधी जातं, इंजिनिअर आणि कारकून कुठे कसे अडवतात, हे त्यांनी जवळून पाहिलेलं. १८८३ मध्ये त्यांनी ‘असूड’ पुरा केला, त्यात हा सगळा अनुभव उतरला.

त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगते. डोंगरावरचं गवत, पालापाचोळा, जनावरांचं शेण कुजून जे सत्त्व तयार होतं, ते वळवाच्या पावसाबरोबर ओढ्यानाल्यात वाहून जातं. ते वाया जाऊ देऊ नका. जागोजागी ताली, बंधारे घाला, म्हणजे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग नदीला मिळेल. हे काम कुणी करायचं? तर सरकारने. रिकाम्या बसलेल्या लष्करातल्या आणि पोलिसांतल्या शिपायांकडून करून घ्यायचं! तळ्यातला, नदीतला गाळ शेतकऱ्यांना नेऊ द्या. जमिनीत पाणी कुठे आहे ते शोधा, आणि जे विहिरी खणतील त्यांना बक्षीस द्या. जंगल खात्याने घेतलेली गायरानं गावाला परत करा. पाटाचं पाणी मोजून द्या आणि पट्टी घेताय तर पाणी मिळण्याची हमीही द्या.

आता सांगा, हे काल-परवाच्या ग्रामसभेतलं वाटतं की नाही? २०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, २०१८ मध्ये माणमधलं टाकेवाडी. त्या गावांनी उन्हातान्हात श्रमदानाने केलं ते हेच, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवणं. जोतीरावांनी लिहून ठेवल्याला तेव्हा सव्वाशेहून जास्त वर्षं झाली होती.

अजून एक गंमत बघा. त्याच प्रकरणात, बंधारे आणि बी-बियाण्यांच्या जोडीला, एकीपेक्षा जास्त बायका करायला आणि मुलामुलींची लहानपणी लग्नं लावायला कायद्याने बंदी घाला असंही जोतीराव सुचवतात. पुरुषांच्या सभेत पाणी वेगळं आणि बायकांचे प्रश्न वेगळे असतात. जोतीरावांकडे ते एकाच पानावर येतात. दुष्काळाच्या वर्षी ऊसतोडीला जाताना किंवा खर्च टळावा म्हणून मुलीचं लग्न घाईने उरकलेलं मी स्वतः पाहिलंय. त्यामुळे तो मजकूर वाचताना अंगावर काटा आला.

सगळंच त्यांचं आजच्या मापाने बरोबर होतं असं नाही. जंगल खात्यावर त्यांचा इतका राग, की ते खातंच नको म्हणतात. आज उघडे डोंगर बघितले की झाडं राखणारं कुणीतरी हवं असं आपल्याला वाटतं. पण त्यांच्या रागाचं मूळ समजून घ्यायला हवं. १८७८ च्या कायद्यानंतर राखीव जंगलाच्या नावाखाली गरिबाची शेळी-गाय चरायची बंद झाली होती. निसर्ग वाचवायचा आणि त्याची किंमत सगळ्यात गरीब माणसाने मोजायची, हा व्यवहार त्यांना मान्य नव्हता. जगभरच्या परिषदांत हवामान बदलावर आज जो वाद चालतो, तोही शेवटी हाच आहे ना? धूर कुणी सोडला आणि सोसायचं कुणी?

‘असूड’ लिहून झाला, पण तो छापायला कुणी धजेना. ‘दीनबंधू’ हे तर त्यांच्याच सहकाऱ्यांचं पत्र. त्यात सुरुवातीचे भाग आले, पुढचे आलेच नाहीत. पुस्तक म्हणून ते त्यांच्या हयातीत निघालं नाही. मग जोतीरावांनी काय केलं? गावोगाव ते वाचून दाखवलं. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर. बडोद्याला सयाजीराव महाराजांनाही ऐकवलं. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांच्यात बसून वाचलं. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी मेजवानी होती. जरीच्या पगड्या, दागिने घातलेल्या त्या मंडळींत जोतीराव शेतकऱ्याच्या फाटक्या वेशात जाऊन उभे राहिले आणि राणीच्या मुलाला सांगितलं, की या सभेतल्या श्रीमंतीवरून देश ओळखू नका, खेड्यात जाऊन बघा.

त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा म्हटलं. पुढे अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, तर डाव्या हाताने लिहीत राहिले. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं.

आता माझ्या सासरचं सांगते. ते सांगली जिल्ह्यात, पलूसकडे. खटाव तालुक्यात उगम पावणारी येरळा नदी ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. म्हणजे माझ्यासारखीच तीही माहेरहून सासरी आलेली! महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशे मिलिमीटरसुद्धा धड पडत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये घाटात आठवडाभर असा कोसळला, की सांगलीत कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत पाणी. ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडताना होडी उलटली, त्यात बायका गेल्या, लेकरं गेली. त्याच उन्हाळ्यात माहेरी टँकर आणि चारा छावण्या चालू होत्या. कोरडं पडलं तर सगळंच कोरडं, आणि कोसळलं तर आठ दिवसांत सगळंच. पाऊस असाच लहरी होत जाणार, असं शास्त्रज्ञ सांगताहेत.

पूर ओसरल्यावर पारावर चर्चा रंगली. अलमट्टीमुळे झालं, कोयनेतून उशिरा सोडलं, अमक्या पक्षाचं चुकलं, तमक्याचं. चर्चा सगळी पुरुषांची. चिखल काढत होतो आम्ही. नदीपात्रात भराव कुणी घातले, दुष्काळी रानात बोअर मारून ऊस कोण लावतं, हे विचारायला मात्र कुणी तयार नव्हतं, कारण उत्तरं घरातलीच निघाली असती. जोतीराव हे विचारायला कचरले नसते. ते सरकारला फटकारतात, सावकार-कारकुनाला सोडत नाहीत, आणि कर्ज काढून लग्नं थाटात करणाऱ्या शेतकऱ्यालाही चार शब्द सुनावतात.

येरळेच्याच काठी, खानापूर भागात, १९८० च्या दशकात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीसोबत झगडून स्वतःचं धरण बांधलं. नदीतली वाळू ठेकेदारांना उपसू द्यायची नाही, गावानेच थोडी विकून खर्च उभा करायचा, आणि पाणी जमीन नसलेल्यांनाही द्यायचं, असं ठरवून. धरणाला नाव दिलं बळीराजाचं. जोतीरावांनी ज्याला शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून पुन्हा आपल्यासमोर आणलं, तोच बळी. कटगुणच्या तालुक्यातून निघालेल्या नदीवर त्यांचा विचार असा उभा राहिला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मैत्रिणींनो, ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती सह्यांपुरती होते. पुढच्या वेळी आपण खरंच बसू. गाळ कुणाच्या शेतात गेला, बंधाऱ्याची डागडुजी कधी झाली, पुराची होडी आणि लाइफ जॅकेट गावात आहेत का, जमीन नसलेल्या घराला किती पाणी, एवढे चार प्रश्न विचारू. आणि आधी ‘असूडा’तलं ते शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचू. वाचता न येणाऱ्या सासूबाईंनाही समजेल अशी भाषा आहे त्याची.

मीही पुढच्या ११ एप्रिलला माहेरी तेच वाचणार आहे. फक्त टँकरची वेळ आधी विचारून घेणार. आणि तो आलाच मधे, तर पुस्तक घेऊन मीच रांगेत जाऊन उभी राहीन.