दोन रकान्यांचे संपादक : बाळशास्त्री जांभेकर

दरवर्षी ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. त्या दिवशी ज्यांच्या प्रतिमेस हार घातला जातो त्या बाळशास्त्री जांभेकरांचे नाव आपणा सर्वांस पाठ आहे. मराठी वृत्तपत्राचे जनक, एवढे एका ओळीचे उत्तर लिहिले की परीक्षेत एक गुण मिळतो आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. परंतु बाळशास्त्रींनी काढलेले 'दर्पण' हे केवळ मराठी पत्र नव्हते. त्याच्या पानावर दोन रकाने असत. एकात इंग्रजी मजकूर आणि शेजारी तोच विषय मराठीत. हे दोन रकाने एकाच वेळी सांभाळणे म्हणजे काय, याचा विचार केला तर या थोर पुरुषाचे मोठेपण अधिक कळते, आणि इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यातून काही शिकताही येते.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ साली कोकणातील पोंभुर्ले या गावी झाला. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगड तालुक्यात हे लहानसे गाव आहे. वडील गंगाधरशास्त्री हे व्युत्पन्न शास्त्री. मराठी व संस्कृत यांचे पहिले धडे मुलाने घरीच घेतले. पुढे १८२५-२६ च्या सुमारास हा मुलगा मुंबईस आला. तेथे सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचा आश्रय त्याला लाभला आणि इंग्रजीचा अभ्यास सुरू झाला. घरात इंग्रजीचे एक अक्षर कोणास येत नसताना त्याने ही भाषा अशी आत्मसात केली, की अवघ्या चार-पाच वर्षांत, १८३० साली, शिक्षण मंडळीच्या कचेरीत दुय्यम चिटणीसाचे जबाबदारीचे काम त्याच्याकडे आले. फारसी, बंगाली, गुजराती, कानडी, तेलुगू, तसेच लॅटिन, ग्रीक व फ्रेंच याही भाषा त्यांनी अभ्यासल्या होत्या.

६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण'चा पहिला अंक निघाला, तेव्हा बाळशास्त्री अवघ्या विशीचे होते. म्हणजे आपल्याच वयाचे! गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांचे त्यांना साहाय्य होते. आरंभी पाक्षिक असलेले हे पत्र त्याच वर्षी ४ मेपासून साप्ताहिक झाले. मुंबईत त्यापूर्वीच 'कुरियर' व 'गॅझेट' ही इंग्रजी पत्रे होती. परंतु ती साहेबलोकांनी साहेबलोकांसाठी काढलेली. 'मुंबई समाचार' हे पत्र १८२२ पासून गुजरातीत निघत होते. मराठी माणसाला स्वतःचे पत्र नव्हते. एतद्देशीयांना पाश्चात्त्य विद्येची ओळख व्हावी आणि राज्यकर्त्यांना येथील लोकांचे म्हणणे कळावे, असा या दोन रकान्यांमागे दुहेरी हेतू होता.

आता जरा कामाच्या खोलात जाऊन पाहू या. इंग्रजी रकाना वाचणार कोण? ज्यांची ती मातृभाषा आहे असे अधिकारी व व्यापारी. तेथे एक स्पेलिंग चुकले तरी ती संपादकाची एकट्याची चूक ठरली नसती, साऱ्या समाजाच्या बुद्धीवर ठपका आला असता. शिवाय इंग्रजीचे नियमही तेव्हा हलत होते. अठराव्या शतकात इंग्रज मुद्रक बहुतेक नामांचे पहिले अक्षर मोठे छापीत. एकोणिसाव्या शतकापर्यंत ती चाल मागे पडून मोठे अक्षर वाक्यारंभ आणि विशेषनामे यांपुरते उरले होते. स्पेलिंगसाठी इंग्लंडात डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशाचा मान होता, तर अमेरिकेत वेबस्टर यांच्या १८२८ च्या कोशात 'कलर', 'ऑनर' अशा शब्दांतील 'यू' गाळलेला होता. त्याहून कठीण प्रश्न आपल्या नावांचा. ऱ्हस्व 'अ' इंग्रजीत कसा लिहावा? सर विल्यम जोन्स यांच्या पद्धतीत त्यासाठी 'ए' होता, गिलख्रिस्ट यांच्या पद्धतीत 'यू'. म्हणजे 'दर्पण' हे पत्राचे नाव लिहितानाच पहिला प्रश्न उभा!

मराठी रकान्याची अडचण याच्या उलट होती. इंग्रजीत नियम अनेक, तर मराठीत छापण्याचे नियम अजून घडायचे होते. रोजचे लेखन मोडीत चाले. मोडीत शब्द सुटे करण्याची आणि ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर पाळण्याची रीत नव्हती. छापण्यासाठी बाळबोध लिपी घेतली की शब्द कोठे तोडावा, वेलांटी पहिली की दुसरी, हे ठरवावेच लागे. शास्त्रीमंडळींचा मराठी कोश १८२९ साली व मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली नुकताच झाला होता. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आले, आणि मेजर कँडी यांनी विरामचिन्हांवर पुस्तिका लिहिली ती १८५० साली. आज आपण ज्या शुद्धलेखनाचे गुण गमावतो ते साहित्य महामंडळाचे नियम तर १९६२ चे, आणि त्यांत चार नियमांची भर पडली १९७२ साली. बाळशास्त्रींनी या नियमांच्या आधी पत्र चालवले. स्वतः 'बालव्याकरण' लिहून त्यांनी मुलांसाठीही ही वाट सोपी केली.

आपल्या लिपीत मोठे व लहान अक्षर असा भेद नाही. इंग्रजी पत्रकाराला गव्हर्नर हा शब्द मोठ्या अक्षराने लिहावा की लहान, हे ठरवावे लागते. आजही अनेक इंग्रजी पत्रांत पद नावाला जोडून आले तर मोठे अक्षर आणि एकटे आले तर लहान, असा दंडक असतो. मराठीत हे काम क्रियापद करते. साहेब आला की साहेब आले, एवढ्यात मान दिला की नाही ते समजते. एका भाषेत आदर अक्षरात, तर दुसरीत क्रियापदात! एकच बातमी दोन्ही रकान्यांत लिहिणाऱ्याला दोन्ही रीती ठाऊक हव्यात. शब्दाला शब्द ठेवून हे साधत नाही.

'दर्पण' १८४० साली बंद झाले. त्याच वर्षी बाळशास्त्रींनी 'दिग्दर्शन' हे मराठीतील पहिले मासिक सुरू केले आणि भूगोल, इतिहास, विज्ञान हे विषय सोप्या मराठीत मांडले. १८३४ साली एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांची नेमणूक झाली होती. दादाभाई नौरोजी हे त्यांचे गणिताचे विद्यार्थी. विधवाविवाहाचा प्रश्न त्यांनी चर्चेस आणला. १८४३ साली श्रीपाद शेषाद्री या मुलाला पुन्हा स्वधर्मात घेण्याच्या वादात ते सनातन्यांचा रोष पत्करून उभे राहिले. १८४५ साली ज्ञानेश्वरीची पहिली छापील आवृत्ती त्यांनी शिळाप्रेसवर काढली. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या अक्कलकोटच्या राजपुत्राचे शिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले होते. मे १८४६ मध्ये त्यांचे निधन झाले. उणेपुरे ३४ वर्षांचे आयुष्य, आणि त्यात एवढे कार्य!

बाळशास्त्रींच्या काळी आपला भाग निजामाच्या राज्यात होता. १९४८ पर्यंत येथील सरकारदरबारची भाषा उर्दू होती, त्यामुळे इंग्रजी आमच्या घरांत फार उशिरा आली. कित्येक घरांत तर ती आमच्याच पिढीबरोबर येत आहे. दाखल्यावर एक स्पेलिंग आणि बँकेच्या पुस्तकावर दुसरे, एवढ्या एका अक्षरासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो. २०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, तेव्हा जुने व नवे नाव कोणत्या कागदावर कसे लिहावे याची चर्चा आपण चहाच्या टपरीवरही ऐकली. स्पेलिंगचे नियम हा विद्वानांचा खेळ नाही, तो आपल्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

मित्रहो, आपल्यात दोन पक्ष दिसतात. एकाला इंग्रजीची धास्ती, तर दुसऱ्याला चार इंग्रजी शब्द येताच मराठीची लाज. बाळशास्त्रींचे पान या दोघांनाही उत्तर देते. त्यांनी इंग्रजी शिकण्यासाठी मराठी सोडली नाही आणि मराठीच्या अभिमानापोटी इंग्रजी कच्ची ठेवली नाही. आपल्या वहीच्या पानावर मधोमध एक रेघ ओढून एका बाजूस इंग्रजी व दुसऱ्या बाजूस मराठी असे रोज पाच ओळी लिहिण्यास काय हरकत आहे? दोन्ही बाजू सारख्याच शुद्ध होईपर्यंत ती वही चालू ठेवणे, हेच त्या विशीतल्या संपादकास आपले खरे अभिवादन ठरेल.

— द्वितीय वर्ष, कला