संत इग्नेशियस लोयोला : यात्रेकरूची कहाणी

दरवर्षी ३१ जुलै रोजी ख्रिस्तसभा येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला ह्यांचा सण साजरा करते. त्यांची आध्यात्मिक साधना सर्वपरिचित आहे. परंतु त्यांनी आपल्या आयुष्यातील सतरा वर्षांची आठवणही मागे ठेवली आहे. तिच्याविषयी आम्ही येथे थोडे सांगू इच्छितो.

इग्नेशियस ह्यांचा जन्म १४९१ साली स्पेनमधील बास्क प्रदेशात, लोयोलाच्या सरदार घराण्यात झाला. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्यापडल्या ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे वाचताना त्यांचे मन पालटले. पुढे मान्रेसा येथील तप, १५२३ सालची जेरुसलेमची यात्रा व पॅरिसमधील अध्ययन झाले. १५४० साली पोप तिसरे पॉल ह्यांनी येशूसंघाला मान्यता दिली.

देवाने आपणास कसे चालविले ते सांगावे, अशी विनंती त्यांचे सहकारी फादर नादाल ह्यांनी केली होती. पण इग्नेशियस ते टाळीत राहिले. ऑगस्ट १५५३ मध्ये फादर गोन्साल्विस द कामारा ह्यांनी त्यांच्यापाशी आपल्या मनातील पोकळ अभिमानाची व्यथा उघड केली. ह्याच मोहाने आपणासही दोन वर्षे छळले होते, असे इग्नेशियस ह्यांनी त्यांस सांगितले आणि त्याच दिवशी आपली कहाणी सांगण्याचा निश्चय केला. आत्मप्रौढीचे भय बाळगणाऱ्या ह्या संताचे मौन दुसऱ्याच्या दुःखाने सुटले, हे आम्हांस विशेष वाटते.

येरझाऱ्या घालीत ते बोलत. कामारा ऐकून घेत आणि मग आपल्या खोलीत जाऊन टिपणे काढीत. आजारपण व कामाचा व्याप ह्यांमुळे कथन अनेक महिने खंडित झाले. ते ऑक्टोबर १५५५ मध्ये पुरे झाले. त्यानंतर पोर्तुगालकडे निघालेल्या कामारांना वाटेत जिनोव्हा येथे स्पॅनिश जाणणारा लेखनिक मिळेना, म्हणून अखेरचा भाग इटालियन भाषेत उतरविला गेला. ३१ जुलै १५५६ रोजी इग्नेशियस ह्यांनी देह ठेवला.

ह्या कथनात ते स्वतःस 'यात्रेकरू' म्हणवितात. कहाणी पाम्प्लोनापासून सुरू होऊन १५३८ साली रोममध्ये थांबते. संघाच्या भरभराटीचा काळ तीत जवळजवळ नाहीच. उलट, आपले पापनिवेदन अपुरे राहिले ह्या शंकेने मान्रेसा येथे जगणे नकोसे झाले होते, आल्काला व सालामांका येथे चौकशीसाठी तुरुंगात राहावे लागले होते, हे सारे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे.

पुढे १५६७ साली, नवे चरित्र लिहिले जात असल्यामुळे, ह्या कथनाच्या प्रती संघाने परत मागविल्या. मूळ संहिता छापून प्रसिद्ध व्हावयास १९०४ साल उजाडले.

आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांजवळही अशी काही वर्षे असतात. ती सांगण्यासाठी मोठेपणा लागत नाही. चाचपडण्याचा काळ खरेपणाने सांगितला, तर मागून येणाऱ्यास वाट दिसते. बंधुभगिनींनो, त्यांच्याजवळ बसून आपण तो ऐकून घेऊ या आणि लिहून ठेवू या.