फादर स्टीफन्स

आषाढी वारीत ज्ञानेश्वरमाऊलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पंढरीस जाते. या वाटेवरील गावोगावी ज्ञानेश्वरीची ओवी भक्तिभावाने वाचली जाते. ओवी हे मराठी माणसाचे वडिलोपार्जित धनच होय. परंतु सुमारे चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज धर्मोपदेशकाने ही ओवी आपलीशी केली आणि तीत एक प्रचंड ग्रंथ रचला, हे ऐकून कोणासही नवल वाटेल. त्या थोर पुरुषाचे नाव थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. तो काळ युरोपात मोठ्या धार्मिक उलथापालथीचा होता. आठवा हेन्री या राजाने १५३४ मध्ये रोमच्या पोपशी असलेला संबंध तोडला आणि तो स्वतःच इंग्लंडच्या धर्मपीठाचा प्रमुख झाला. पुढे एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत जुन्या कॅथलिक पंथाला चिकटून राहणाऱ्यांवर कडक निर्बंध आले. स्टीफन्स यांची त्या पंथावर अढळ निष्ठा होती. त्यांनी व त्यांच्या एका मित्राने रोमला जाण्याचा बेत केला. पण तो मित्र पकडला गेला आणि त्याच्या नशिबी दीर्घ तुरुंगवास आला. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. मायदेशाचे दार त्यांना बंद झाले होते.

वास्को द गामाने १४९८ मध्ये हिंदुस्थानचा जलमार्ग शोधला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकले. त्याच मार्गाने स्टीफन्स १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाले. सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्राशी झुंजत त्यांचे गलबत ऑक्टोबरात गोव्यास लागले. या प्रवासाचे वर्णन करणारे पत्र त्यांनी आपल्या वडिलांना पाठविले. १५८३ मध्ये राल्फ फिच आदी इंग्रज व्यापारी गोव्यात कैदेत पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी त्यांनी खटपट केली. मात्र स्वतः ते इंग्लंडला पुन्हा कधीही गेले नाहीत. उरलेली चाळीस वर्षे त्यांनी गोव्यात, मुख्यतः साष्टी प्रांतात, घालविली.

त्या वेळी गोव्यातील जनता मोठ्या दुःखातून जात होती. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती आणि लोकांच्या भाषेतील पोथ्या नष्ट केल्या होती. अनेकांनी घरदार सोडून शेजारच्या मुलखाचा आश्रय घेतला. जे मागे राहिले, त्यांपैकी पुष्कळांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म बदलला, तरी पुराण ऐकण्याची गोडी कशी सुटणार? जुनी पुराणे गेली, तर त्यांच्या जागी आम्हांला आमच्या भाषेत दुसरे पुराण द्या, अशी मागणी या लोकांनी केल्याचे स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी सांगितले आहे.

ती मागणी त्यांनी पूर्ण केली. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. त्याचे दोन भाग असून ओव्या सुमारे अकरा हजार आहेत. कथा दूरदेशीची, परंतु तिचा पेहराव मराठी पुराणाचा आहे. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यातही कवीला संकोच वाटला नाही. रत्ने, फुले, पक्षी, सुगंध यांच्या उपमा देऊन त्यांनी मराठीची जी थोरवी गायिली आहे, तिला तोड नाही. त्यांनी लोकांच्या बोलीचे, म्हणजे कोंकणीचे, व्याकरणही लिहिले. ते १६४० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले.

गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता. पण त्याजवळ देवनागरी खिळे नव्हते. ते घडविले जावेत, या इच्छेने स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये रोमला लिहिले. परंतु तो मनोरथ सिद्धीस गेला नाही आणि हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. १६१९ मध्ये त्यांचे गोव्यातच देहावसान झाले.

पुढे ग्रंथाच्या वाट्याला कठीण दिवस आले. तो १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापला गेला खरा. परंतु १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडावी, असा हुकूम काढला. ज्या सत्तेच्या आश्रयाने हे पुराण जन्मास आले, तीच सत्ता त्याच्या भाषेवर उठली. छापील प्रती काळाच्या उदरात गडप झाल्या. तथापि श्रद्धाळू कुटुंबांनी हातांनी नकला करून ओव्या जपल्या आणि अशा हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूर येथे हा ग्रंथ पुन्हा प्रसिद्ध झाला.

युरोपातील धर्मकलहाने एका तरुणाला देशोधडीस लावले आणि जलमार्गाने त्याला आपल्या किनाऱ्यावर आणले. इतके इतिहासाने केले. परक्या भाषेपुढे शिष्य होऊन बसणे, हे मात्र त्यांचे स्वतःचे कर्तृत्व. भाषा शिकणाऱ्याचे कूळ पाहत नाही. जो तिची मनोभावे सेवा करतो, त्याला ती आपले भांडार उघडून देते. फादर स्टीफन्स यांच्या चरित्राने हेच आपल्याला शिकविले आहे.