खडकांतील नद्यांचे वाचक : दाराशा नौशेरवान वाडिया

भारतीय भूशास्त्राचे अध्वर्यू दाराशा नौशेरवान वाडिया यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८८३ रोजी सुरत येथे एका पारशी कुटुंबात झाला. उच्च शिक्षण बडोदा कॉलेजात झाले. त्या काळी आपल्या देशात भूशास्त्राच्या अध्यापनाची सोय तुटपुंजीच होती. त्यामुळे या शास्त्राचे बरेचसे ज्ञान त्यांनी स्वतःच्या वाचनाने आणि निरीक्षणाने मिळविले.

१९०७ साली ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात प्राध्यापक झाले. शिवालिकच्या टेकड्या तेथून जवळच होत्या. सुट्ट्यांमध्ये ते पायी भटकत, विद्यार्थ्यांना बरोबर नेत आणि खडकांचे व जीवाश्मांचे नमुने गोळा करीत. याच टेकड्यांत त्यांना स्टेगोडॉन या प्राचीन हत्तीचे अवशेष सापडले.

शिवालिकचे खडक म्हणजे लुप्त नद्यांची दप्तरेच होत. काही हजार मीटर जाडीचे हे थर वाळू, चिखल आणि गोटे यांचे बनलेले आहेत. वेगवान प्रवाहच मोठे गोटे वाहून नेऊ शकतो. पाणी संथ झाले की वाळू खाली बसते आणि पुराचे पाणी मैदानात पसरून स्थिरावले की बारीक चिखल साचतो. वालुकाश्मातील तिरप्या थरांचा उतार प्रवाहाची दिशा सांगतो. गोट्यांचा मूळ खडक ओळखला की नदी कोणत्या डोंगरातून आली हे कळते. शिवालिकमध्ये वरच्या थरांकडे जाताना गोट्यांचे प्रमाण वाढत जाते. हिमालय उंचावत होता आणि त्याची झीजही वाढत होती, याची ही खूण.

१९१९ साली पास्को आणि पिलग्रिम या संशोधकांनी स्वतंत्रपणे असे मत मांडले, की आसामपासून वायव्येकडे वाहणाऱ्या एकाच महानदीने हा गाळ आणला. वाडिया यांनीही आपल्या ग्रंथातून ही कल्पना अभ्यासकांपुढे ठेवली. पुढे तिरप्या थरांची पद्धतशीर मोजणी झाली, तेव्हा हिमालयातून दक्षिणेकडे उतरणाऱ्या अनेक नद्यांचा पुरावा मिळाला आणि महानदीची कल्पना मागे पडली. ज्या खडकांनी ती सुचविली, त्यांनीच ती दुरुस्त केली.

त्याच १९१९ साली वाडिया यांचा भारताच्या भूशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला हा ग्रंथ अनेक पिढ्यांनी अभ्यासला. १९२१ साली ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. वायव्य हिमालयाच्या पर्वतरांगा तेथे एकदम का वळतात, याचा उलगडा करणारा त्यांचा प्रबंध १९३१ साली प्रकाशित झाला आणि जगभर मान्यता पावला. १९५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले, तर १९५८ साली भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला.

१५ जून १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. डेहराडून येथील हिमालय भूविज्ञान संस्था आज त्यांच्या नावाने कार्यरत आहे. प्रयोगशाळेची वाट न पाहता गावाजवळच्या टेकडीलाच पाठ्यपुस्तक मानणारा हा शिक्षक विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना सदैव अनुकरणीय वाटेल.