गरिबांचे गृहशिल्पी : लॉरी बेकर

घर पाहावें बांधून, ही म्हण आपल्याकडे घरोघरीं ऐकूं येते. घर बांधतांना पदरची पुंजी कशी सरते, हें त्या म्हणींतलें मर्म. मग ज्यांच्यापाशीं पुंजीच नाहीं त्यांनीं काय करावें? या प्रश्नाच्या उत्तरासाठीं लॉरी बेकर यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें.

त्यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं झाला. दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं चीनमध्यें रुग्णसेवा केली. परततांना जहाजाच्या प्रतीक्षेंत ते मुंबईस थांबले असतां महात्मा गांधींची भेट घडली. घराचें सामान पांच मैलांच्या आंतूनच मिळवावें, हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनावर कायमचा ठसला. १९४५ सालीं कुष्ठरोग्यांसाठीं काम करणाऱ्या मिशनतर्फे ते भारतांत आले. १९४८ सालीं डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. हें दांपत्य पुष्कळ वर्षें हिमालयांत पिथोरागड येथें राहिलें. तेथील लोकांनीं दगडमातीचीं बांधलेलीं घरें, हीच बेकरांची खरी शाळा ठरली.

पुढें ते केरळांत तिरुवनंतपुरम येथें स्थायिक झाले. भिंतींत विटा आडव्या निजविण्याऐवजीं ते त्या कडेवर उभ्या रचीत. त्यामुळें भिंतीच्या पोटांत पोकळी राहून सुमारें पाव हिस्सा विटा वांचत, आणि उन्हाची झळहि कमी लागे. स्लॅबच्या खालच्या भागांतील काँक्रीट भार सोसण्याच्या कामीं फारसें येत नाहीं. तेथें ते मंगळुरी कौलें घालीत. खिडकीच्या जागीं विटांची जाळी रचीत, म्हणजे चौकट व कांच यांचा खर्च टळून वारा व उजेड मिळे. गिलावा तर ते बहुधा करीतच नसत.

घर जितकें महाग तितकें वास्तुशिल्पज्ञाचें मानधन अधिक, अशी या व्यवसायाची सर्वसाधारण रीत. बेकर मात्र खर्च कमी करण्यांतच आपलें कौशल्य पणास लावीत. उघड्या विटांचें घर म्हणजे दरिद्री घर, असें पुष्कळांना वाटे. परंतु सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या विद्वानांच्या संस्थेस त्यांनीं जी वीट वापरली, तीच कोळ्यांच्या घरांसहि वापरली. गरिबासाठीं हलकें आणि थोरासाठीं भारी, असा भेद त्यांनीं मानला नाहीं.

१९९० सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. १ एप्रिल २००७ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, ते निवर्तले. तेव्हां तुमच्यापैकीं बहुतेकांचा जन्महि झाला नव्हता. विद्यार्थी मित्रांनो, काटकसर म्हणजे कृपणपणा नव्हे. आपण वांचविलेली वीट दुसऱ्या कोणाच्या भिंतीस लागते, हें बेकरांनीं आपल्याला दाखवून दिलें.